कलाजंग आणि काता-गुरुमा

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीची गदा जालन्यात आली. लोखंडी सळया आणि बियाण्यांसाठी देशभर ठाऊक असलेल्या या शहरात राज्यभरातले मल्ल गोळा झाले. शेवटच्या लढतीला माती विभाग जिंकून आलेला बुलढाण्याचा बाला रफिक शेख उभा होता. समोर गादी विभागातला पुण्याचा अभिजित कटके, आदल्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी. बालाने कुस्ती मारली आणि मैदान डोक्यावर घेतले गेले.

मराठवाड्यातला कुस्तीचा जुना प्रेक्षक गुणफलकाकडे फारसा बघत नाही. पट निघाला की नाही, ढाक बसली की हुकली, भारंदाजाला हात कुठे अडला, हे त्याला नजरेने कळते. त्याला नावाने ओळखू येणाऱ्या डावांत एक आहे कलाजंग. प्रतिस्पर्ध्याचा दंड आवळून धरायचा, झटक्यात खाली बसून त्याच्या काखेखाली शिरायचे, दुसरा हात त्याच्या मांड्यांमधून घालायचा आणि अख्खा माणूस खांद्यांवर आडवा घेऊन पाठीवर टाकायचा. अंगापेक्षा थोराड गड्याला चीत करण्याचा हा हुकमी डाव.

हाच डाव जपानमध्ये काता-गुरुमा म्हणून ओळखला जातो. ज्युदोत तो आला त्यामागे एका विद्यार्थ्याची खटपट आहे. १८७८-७९ च्या सुमारास तोक्यो विद्यापीठात शिकणारा जिगोरो कानो नावाचा सडपातळ, बुटका तरुण जुजुत्सू शिकत होता. तो शिकत होता त्या आखाड्यात फुकुशिमा नावाचा एक भरभक्कम गडी होता आणि तो काही केल्या कानोच्या हाती लागेना. कानोने आधी सूमोतले डाव शोधले. तेही पुरले नाहीत तेव्हा त्याने थेट ग्रंथालय गाठले, पाश्चात्त्य कुस्तीवरचे पुस्तक काढले, त्यातला एक डाव घोकून घोकून बसवला आणि फुकुशिमाला खांद्यावर उचलून आपटले.

थोराड गडी हरवायला ग्रंथालयाची पायरी चढणारा हा मुलगा पुढे साठ वर्षे शिकत आणि शिकवत राहिला. आज जालना, अंबड, परतूर, मंठ्यासारख्या गावांत शाळेच्या पटांगणात किंवा भाड्याच्या सभागृहात पांढरा पोशाख घालून पोरे रांगेत उभी राहतात, तेव्हा त्यांच्या अंगावरचा पोशाख, कमरेचा पट्टा, ओळीने केलेला नमस्कार आणि परीक्षेची भीती, या सगळ्याची सुरुवात त्याच्यापाशी होते. पोरे ज्युदो शिकत असोत की कराटे.

जिगोरो कानो १८६० साली कोबेजवळच्या मिकागे गावी जन्मला. घर खातेपिते, अंगाने मात्र पोर किरकोळ. वसतिगृहात दांडगट मुले छळायची. जुजुत्सू शिकावे असे त्याने ठरवले खरे, पण शिकवणार कोण? मेइजी राजवटीने सामुराईंचा वर्ग मोडीत काढला होता आणि त्यांच्या युद्धकला जुनाट ठरल्या होत्या. शिकवणारे उस्ताद पोटासाठी हाडे बसवण्याचा धंदा करत होते. त्यामुळे कानो गुरू शोधायला निघाला तो हाडवैद्यांच्या पाट्या बघत. सतराव्या वर्षी अशाच एका हाडवैद्याने त्याला फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे पाठवले.

हे वाचताना मराठी माणसाला परके काही वाटायचे कारण नाही. आपल्याकडेही निखळलेला खांदा, मुरगळलेला पाय घेऊन माणसे तालमीतच जातात. ज्याने आयुष्यभर सांधे आवळले, त्याला ते बसवताही येतात.

फुकुदांची शिकवण जुन्या वळणाची होती. एकदा कानोने एखादा डाव नेमका कसा लागतो असे विचारले, तर गुरुजींनी उत्तरादाखल त्याला आपटले. पुन्हा विचारले, पुन्हा आपटले. अंगाने कळेल तेच खरे, असा त्यांचा बाणा. कानोने तो मुकाट्याने स्वीकारला, मलमपट्ट्या लावून रोज जात राहिला. पण प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही. १८७९ साली फुकुदा वारले. मग इसो मासातोमो यांच्याकडे तो शिकला, तेही १८८१ मध्ये गेले. तिसरे गुरू इइकुबो त्सुनेतोशी, कितो घराण्याचे. त्यांच्याशी रांदोरी, म्हणजे मोकळी लढत, करताना कानोच्या ध्यानात आले की फेकण्याचे खरे काम फेकण्याच्या आधी होते. समोरच्याचा तोल आधी ढळवायचा, मग आपण योग्य जागी शिरायचे आणि शेवटी डाव मारायचा. हे तीन टप्पे त्याने वेगळे केले, त्यांना नावे दिली आणि शिकवता येतील असे मांडले.

जालन्याच्या कोणत्याही तालमीतला वस्ताद हेच करतो. "आधी मान हलव, पाय उचलू दे, मग घूस," हे तो वर्षानुवर्षे ओरडत आलेला असतो. फरक इतकाच की कानोने ते कागदावर उतरवले.

१८८२ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, कानोने तोक्योतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा चटयांची जागा घेतली आणि मोजक्या शिष्यांना घेऊन कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. मुले इतकी आदळत की मंदिरातल्या पितरांच्या नावाच्या पाट्या खाली पडत, जमिनीच्या फळ्या तुटत, आणि पुजारी वैतागत. त्याच वर्षी कानो गाकुशुइन या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाला. त्याचे हे दुसरे आयुष्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे मुख्याध्यापकपद त्याने मधले खंड धरून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरपर्यंत सांभाळले. म्हणजे जपानचे शिक्षक घडवणारी संस्था आणि ज्युदो, दोन्ही एकाच माणसाच्या हातात. चिनी विद्यार्थ्यांसाठी त्याने वेगळी शाळा काढली. तिथे शिकलेल्यांत पुढे आधुनिक चिनी साहित्याचा पाया घालणारे लू शुन होते.

शिक्षकाच्या डोक्यातून निघालेली एक गोष्ट तर जगभर पसरली. जुन्या घराण्यांत शिष्याला दहा-बारा वर्षांत दोन-तीनदा कधीतरी गुंडाळीवर लिहिलेला परवाना मिळे. मधली सगळी वर्षे पोराने कशाच्या आशेवर काढायची? कानोने पायऱ्या केल्या. १८८३ मध्ये साइगो शिरो आणि तोमिता त्सुनेजिरो या दोघांना त्याने पहिला दान, म्हणजे वरच्या श्रेणीची पहिली पायरी, दिला. थोड्याच वर्षांत दान मिळवलेल्यांनी काळा पट्टा बांधायची रीत पडली. पिवळा, केशरी, हिरवा, निळा ही रंगांची माळ मात्र जपानमधली नव्हे. ती १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांनी रुळवली. युरोपातल्या शिष्यांना आपण पुढे सरकतो आहोत हे डोळ्यांनी दिसायला हवे होते.

आता हे रंग गल्लोगल्ली पोहोचले आहेत आणि इथे लेखणी थोडी तीक्ष्ण करणे भाग आहे. कानोने पायऱ्या केल्या त्या विद्यार्थ्याला धीर मिळावा म्हणून. दर तीन महिन्यांनी ग्रेडिंग, दर ग्रेडिंगला शुल्क, दोन-अडीच वर्षांत काळा पट्टा आणि छायाचित्रासाठी फुटणाऱ्या कौलांचा ढीग, हे ज्यांनी चालवले त्यांनी पायरीच विकायला काढली. पालकही त्यात सामील आहेत. "सर, अजून किती महिने लागतील?" हा प्रश्न वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात विचारला जातो. त्याला "सांगता येत नाही" असे सरळ उत्तर देणारे प्रशिक्षक मराठवाड्यातही आहेत. त्यांच्या वर्गात पोरे कमी असतात आणि ती टिकतात.

कराटे शिकवणाऱ्यांनी गिचिन फुनाकोशी यांचे आयुष्य जरा निगुतीने वाचायला हवे. ओकिनावा बेटावर शुरी इथे १८६८ साली जन्मलेला हा माणूस प्राथमिक शाळेत शिक्षक होता, तीसेक वर्षे. दिवसा पोरांना अक्षरे शिकवायची आणि रात्री कंदील घेऊन गुरू आझातो यांच्या घरी चालत जायचे. अंगणात एकच काता पुन्हा पुन्हा, महिनोन् महिने. तेक्की नावाचे तीन काता शिकायला दहा वर्षे गेली, असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. काता म्हणजे ठरवून दिलेल्या हालचालींची साखळी, प्रतिस्पर्धी समोर आहे असे धरून एकट्याने करायची. दहा वर्षांत तीन. आज तेवढ्या काळात एखादा वर्ग उघडून, चालवून, बंद करून होतो.

ओकिनावात ही कला तोवर गुपचूप, रात्री, घराण्याघराण्यांत शिकवली जाई. आन्को इतोसू यांनी १९०१ मध्ये ती शाळेत आणली आणि मुलांना झेपतील असे सोपे काता बांधले. फुनाकोशी या इतोसूंचेही शिष्य. १९२२ मध्ये तोक्योत शारीरिक शिक्षणाचे प्रदर्शन होते, तिथे कराटे दाखवायला त्यांना बोलावणे आले. वय त्रेपन्न. चार दिवसांत परतायचे म्हणून निघालेल्या या शिक्षकाला कानोने कोदोकानमध्ये बोलावून प्रात्यक्षिक द्यायला लावले. स्वतः एवढा मोठा झालेला माणूस आपल्याच आखाड्यात दुसरी कला मांडायला जागा देतो, हे विरळाच. फुनाकोशी तोक्योतच राहिले. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात त्यांनी राखणदारी केली, खोल्या झाडल्या, बाग राखली आणि व्याख्यानाच्या खोलीत कराटे शिकवले. बायको ओकिनावातच राहिली होती. पांढरा पोशाख आणि दानांची पद्धत त्यांनी ज्युदोवरून घेतली. १९२४ मध्ये केइओ विद्यापीठात पहिला विद्यार्थी वर्ग सुरू झाला. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांचा स्वतःचा दोजो, म्हणजे आखाडा, उभा राहिला, शोतोकान. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तो जळाला. त्याच वर्षी कला पुढे नेणारा मुलगाही गेला. फुनाकोशी १९५७ पर्यंत जगले आणि म्हातारपणीही शिकवत राहिले.

जालना जिल्ह्याला शरीरसाधनेचा धडा बाहेरून शिकायची गरज नव्हती. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली समर्थ रामदास जन्मले. नाशिकजवळच्या टाकळीत बारा वर्षे पुरश्चरण आणि सूर्यनमस्कार, मग बारा वर्षे भ्रमण, आणि मग गावोगाव मारुतीची स्थापना. समर्थांच्या अकरा मारुतींची ठिकाणे सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात असली तरी मराठवाड्यातल्या तालमींतही कोनाड्यातला मारुती तोच आहे आणि शनिवारचे तेलही तेच. देऊळ आणि व्यायाम एकत्र आणण्याची ती रीत महाराष्ट्राने इतकी पचवली की ती कोणी सुरू केली हेही लोक विसरले.

मातीचा हौदा बघा. माती चाळून, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू, काव मिसळून ती मुरवली जाते. पहाटे जोर-बैठका, मग हौदा खणणे, मग लढती. नवे पोर आधी महिनोन् महिने माती उपसते. एखाद्या जपानी दोजोत नवशिक्याला पहिले काम म्हणून फरशी पुसायला लावतात, त्यात आणि यात काय अंतर आहे? शिस्त दोन्हीकडे आहे, गुरूच्या पायाशी वाकणे आहे, अंगावर घेणे आहे. धोबीपछाड आणि ज्युदोतला इप्पोन सेओइ-नागे शेजारी शेजारी ठेवले तर पैलवान हसेल: दंड खांद्यावर घ्यायचा, कंबर आत घालायची आणि माणूस डोक्यावरून पुढे.

तरी पैलवान ज्युदोच्या चटईवर गेला की अडखळतो. एक तर तिथे लंगोटाऐवजी जाड सुती कोट असतो आणि सगळा खेळ कोटाच्या पकडीवर. दुसरे असे की २०१० पासून आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाने कमरेखाली हाताने धरण्यावर बंधने आणत आणली, पुढे ती आणखी कडक झाली. एकेरी पट, दुहेरी पट, ज्यावर मराठी मल्लाचे अर्धे आयुष्य उभे असते, तो चटईवर काढला तर दंड होतो. कानोने ग्रंथालयातून आणलेला डावसुद्धा मूळ रूपात, मांडी धरून, आता स्पर्धेत चालत नाही. ज्युदोचे नियम करणाऱ्यांनी इथे आपल्याच संस्थापकाचा हात बांधला, असे म्हणावेसे वाटते.

१९३६ सालचे बर्लिन. ऑलिंपिकच्या त्या दिवसांत शहरात दोन माणसांच्या वाटा जवळून गेल्या. एक पंचाहत्तरीचे जिगोरो कानो, १९०९ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य. १९४० चे ऑलिंपिक तोक्योला मिळावे म्हणून ते झगडत होते आणि खेळांच्या आदल्या दिवशी, ३१ जुलैला, तसा निर्णय त्यांनी मिळवला. दुसरीकडे अमरावतीहून आलेला एक जथा: श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू, डॉ. सिद्धनाथ काणे यांच्यासोबत. १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी अमरावतीत उभी केलेली ही संस्था. तिच्या मुलांनी बर्लिनमध्ये कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. गुलाम देशातली, विदर्भातल्या एका गावची ही पोरे स्वतःची कला घेऊन जगापुढे उभी राहिली, याचा अभिमान आजही वाटायला हवा.

अमरावतीच्या मंडळाने जे ओळखले होते, ते कानोनेही ओळखले होते. एक चांगला पैलवान गावाला दहा वर्षे पुरतो. शिकवायला शिकलेला माणूस तीन पिढ्यांना पुरतो. मंडळाने म्हणूनच व्यायामशिक्षक तयार करण्यावर भर दिला आणि त्यातून राज्यभरच्या शाळांना शिक्षक मिळाले. त्याच काळात बडोद्यात द. चिं. मुजुमदार हे व्यायामज्ञानकोशाचे खंड सिद्ध करत होते. देशी डाव, आसने, शस्त्रे, खेळ सगळे चित्रांसह छापून ठेवण्याचे ते काम झाले, हे मराठीचे भाग्य.

बर्लिननंतर दोन वर्षांनी, ४ मे १९३८ रोजी, कैरोच्या बैठकीहून परतताना हिकावा मारू या जहाजावर कानो वारले. तोक्योचे १९४० चे ऑलिंपिकही युद्धात बुडाले.

युद्धानंतर जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकनांनी तिथल्या शाळांतून युद्धकला हद्दपार केल्या. ज्युदोला शाळेत पुन्हा परवानगी मिळाली ती १९५० मध्ये. मधल्या काळात कितीतरी ज्युदोका कुस्तीकडे वळले. त्यांच्यातला एक शोहाची इशी. जन्म १९२६. त्याच वर्षी साताऱ्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावात खाशाबा जाधव जन्मले होते. घरात पैलवानकी, वडील दादासाहेब मल्ल. गावच्या मातीत घडलेला हा पोर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला, बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजींच्या हाताखाली मुरला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर लढण्याचा सराव नसतानाही तो सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबा आणि इशी समोरासमोर आले. गोळेश्वरच्या मातीतला आणि ज्युदोच्या चटईवरून आलेला. लढत पंधरा मिनिटांवर चालली. इशी एका गुणाने जिंकला. दमछाक झालेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लाशी उभे केले गेले. नियमातली विश्रांती मागायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता, असे सांगितले जाते. इशीला सुवर्ण, रशीद मामेदबेयोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि इशीचे सुवर्ण त्या खेळांतले जपानचे एकमेव. कराडला बैलगाड्यांची रांग लागली, शंभराहून अधिक. तीन वर्षांनी खाशाबा पोलिसांत फौजदार झाले. १९८४ मध्ये अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. हे लिहिताना राग येतो, तो लपवायचे कारण नाही.

भारतात जपानी कला आल्या त्या मात्र कवीच्या दारातून. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०५ मध्येच सानो नावाच्या जपानी शिक्षकाला शांतिनिकेतनात जुजुत्सू शिकवायला बोलावले. पुढे १९२९ मध्ये कोदोकानचे शिन्झो ताकागाकी आले आणि दोन वर्षे राहिले. मुलगेच नव्हे, मुलीही चटईवर उतरल्या. अमर्त्य सेन यांच्या आई अमिता सेन त्यांत होत्या. साडीतल्या भद्र बंगाली घरांतल्या पोरी एकमेकींना आपटतात, हे त्या काळी किती जणांच्या डोळ्यांत सलले असेल! ठाकुरांना तेच हवे होते.

ज्युदोचा रीतसर संसार देशात साठच्या दशकात थाटला गेला. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांचा अभ्यासक्रम आला. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत भारताने ज्युदोत चार कांस्यपदके घेतली, त्यातले एक मुंबईच्या कावस बिलिमोरिया यांचे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत मणिपूरच्या सुशीला देवी आणि दिल्लीच्या तूलिका मान यांनी रौप्य आणले, विजय यादवने कांस्य. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये मध्य प्रदेशातल्या सीहोरच्या कपिल परमारने दृष्टिबाधितांच्या ज्युदोत कांस्य जिंकले. या खेळातले भारताचे ते पहिले पॅरालिंपिक पदक. दृष्टिबाधितांच्या ज्युदोत दोघे एकमेकांचा कोट धरूनच लढत सुरू करतात. डोळ्यांचे काम हात करतात, हाताला समोरच्याचा तोल कळतो. कानोने इइकुबोंकडे जे शोधले ते तिथे सगळ्यांत स्वच्छ दिसते.

जालन्यातले प्रशिक्षक या मोठ्या नकाशावर कुठे बसतात? सकाळी दुसरी नोकरी किंवा शेती, दुपारी एखाद्या शाळेत मानधनावर तास, संध्याकाळी स्वतःचा वर्ग. शालेय स्पर्धांचा हंगाम आला की १४, १७, १९ वर्षांखालचे गट, तालुका, जिल्हा, मग छत्रपती संभाजीनगरचा विभाग. पोराने राज्यापर्यंत मजल मारली तर दहावी-बारावीत वाढीव गुण, पुढे सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाची आशा. खेड्यातल्या बापाला ही आशाच वर्गापर्यंत आणते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा हंगाम संपताच पोर गायब होते. एकोणीस वर्षे पूर्ण झाली की शालेय स्पर्धा संपते. ज्युदो किंवा कराटे खऱ्या अर्थाने सुरू होण्याचे वय तेच असते.

एका गोष्टीची निकड मात्र खरी आहे. जिल्ह्यातल्या जुन्या वस्तादांकडे डावांचा जो साठा आहे, कोणता डाव कोणत्या तोडीला, कोणत्या उंचीच्या गड्याला, तो बहुतेक तोंडीच आहे. कानोने १८९५ मध्ये चाळीसेक फेकींची पाच गटांत मांडणी केली आणि १९२० मध्ये ती सुधारली, म्हणून ती साओ पाउलोपासून शांतिनिकेतनापर्यंत एकसारखी शिकवता आली. भोकरदन-जाफराबादकडच्या तालमींतले वस्ताद सत्तरीत आहेत. खिशात चांगला कॅमेरा असलेली पोरे त्यांच्याच तालमीत आहेत. हे काम एका पावसाळ्यात होण्यासारखे आहे.

शेवटी मुलींकडे यायला हवे. केइको फुकुदा, जन्म १९१३, कानोच्या पहिल्या गुरूंची, हाचिनोसुके फुकुदांची, नात. १९३५ मध्ये कानोने स्वतः तिला कोदोकानच्या स्त्री विभागात बोलावले. उंची पाच फुटांपेक्षा कमी, वजन पंचेचाळीस किलोंच्या आसपास. लग्नाचा प्रश्न आला तेव्हा तिने ज्युदो निवडला. १९५३ मध्ये पाचवा दान मिळाला आणि तिथेच तिला अडवले गेले, कारण स्त्रियांना त्याच्या वर जाण्याची वाट नव्हती. तिने वीसेक वर्षे शिकवणे सोडले नाही. तक्रारी गेल्या, नियम वाकला आणि १९७२ मध्ये सहावा दान आला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत तिने फक्त स्त्रियांसाठी ज्युदोचा वर्ग उभा केला. २००६ मध्ये कोदोकानने तिला नववा दान दिला, तिथवर पोहोचलेली ती पहिली स्त्री. २०११ मध्ये अमेरिकी महासंघाने दहावा दिला. नव्वदी उलटल्यावरही ती आठवड्यातून तीनदा चटईच्या कडेला बसून शिकवत होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये, शंभरी दोन महिन्यांवर असताना, ती गेली.

जिल्ह्यातल्या सरकारी शाळांत समग्र शिक्षा अभियानातून मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण चालते. मुदत तीन महिने. तीन महिन्यांत मुलगी मोठ्याने ओरडायला, मनगट सोडवायला, गुडघा मारायला शिकते, आणि तेवढेही मोलाचे आहे. पण पडायचे कसे, तोल कसा ओळखायचा, अंगावर आलेल्या माणसाच्या वजनाचे काय करायचे, हे तीन महिन्यांत कोणाच्याच अंगी येत नाही. त्या मुलींतल्या दहापैकी एकीला पुढे शिकायचे असेल, तर चौथ्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिने कुठे जायचे, हे शाळेला ठाऊक नसते. जिल्हा क्रीडा संकुलात आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी आठवड्यातले तीन दिवस, उजेड असतानाच्या वेळेत, एक चटई आणि पगारावर नेमलेली एक प्रशिक्षिका, एवढी सोय आधी व्हायला हवी.